आम्ही वाटेत असताना तुम्ही काय करायचं

मी १०८ च्या गाडीवर डॉक्टर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची गाडी उभी असते. एका बाजूला मुंबई-गोवा महामार्ग, दुसऱ्या बाजूला खाडीपर्यंत पसरलेल्या वाड्या. कॉल लागला की मी आणि पायलट लगेच निघतो. गाडी चालवणाऱ्याला आमच्यात पायलटच म्हणतात. पण निघणं वेगळं आणि पोहोचणं वेगळं. महामार्गावरचा कॉल असेल तर दहा मिनिटं, आतल्या वाडीचा असेल तर पंचवीस, आणि पावसात दरड आली असेल तर काहीच सांगता येत नाही. ज्याचं हृदय बंद पडलंय त्याचा मेंदू मात्र चार-पाच मिनिटांनंतर कायमचा बिघडायला लागतो. पायलटने गाडी कितीही दामटली तरी हा हिशेब जुळत नाही. तो जुळवणारा माणूस आधीपासूनच रुग्णाच्या शेजारी उभा असतो, आणि बहुतेक वेळा त्याला काय करायचं ते कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहितेय.

मागच्या एका शिमग्यातली गोष्ट. सहाणेवर, म्हणजे पालखी बसवायच्या चौथऱ्यापाशी, पालखी नाचत होती. पन्नाशीचा एक गडी पालखी खांद्यावर घेऊन नाचता नाचता बाजूला झाला आणि तसाच खाली कोसळला. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी तळपाय चोळले, कोणी कांदा आणायला धावलं. मुंबईहून सणाला आलेला त्याचा पुतण्या तिथेच होता. कंपनीत कधीतरी त्याला छाती दाबायचं शिकवलं होतं. त्याने लोकांना बाजूला केलं आणि दाबायला सुरुवात केली. म्हातारी माणसं ओरडली, "आरं, बरगड्या मोडशील त्याच्या!" पोरगा थांबला नाही. दमला तेव्हा ढोल वाजवणाऱ्या दोघांना जवळ बोलावून आपल्या हातांकडे बघायला सांगितलं आणि त्यांनाही कामाला लावलं. आम्ही बावीस मिनिटांनी पोहोचलो. मशीन लावलं, शॉक दिला, दुसऱ्या शॉकला ठोके परत आले. आज तो माणूस भात लावतो. दोन बरगड्या खरंच मोडल्या होत्या, त्या महिन्या-दीड महिन्यात जुळल्या.

प्रत्येक वेळी असं होत नाही. मी पोहोचते तेव्हा बहुतेक ठिकाणी माणूस खाटेवर असतो, भोवती वीस माणसं असतात आणि त्याच्या छातीला कोणाचाही हात लागलेला नसतो.

फोन आधी, आणि फोन नीट

१०८ लावा. तो लागला नाही तर ११२. तुमचा १०८ चा फोन पुण्याच्या केंद्रात उचलला जातो, हे लक्षात ठेवा. तिथल्या माणसाला तुमची मधलीवाडी माहीत नसते, आणि मधलीवाडी तर आपल्याकडे गावोगाव आहे. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वाडी, आणि शेवटी एक ठळक खूण सांगा: शाळा, देऊळ, एसटीचा थांबा. महामार्गावर असाल तर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचा आणि गाडी कोणत्या दिशेला चालली होती ते सांगा. त्यानंतर एकच वाक्य: "माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही" किंवा "पाय तुटलाय, रक्त थांबत नाही." आजाराचं नाव शोधत बसू नका.

फोन तुम्ही कापू नका. स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा आणि कामाला लागा. थोड्या वेळात आमच्या गाडीवरून उलट फोन येतो, तो उचला. ज्याच्या नावावर कॉल लागला तोच माणूस घाईत रेंजच्या बाहेर गेल्यामुळे आम्ही फाट्यावर उभे राहिलोय, असं कितीदा तरी झालंय.

एका माणसाला फाट्यावर पाठवा. रात्र असेल तर त्याच्या हातात बॅटरी द्या. घर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून खाली असेल तर तेही आधीच सांगा, म्हणजे आम्ही चाकांचं स्ट्रेचर काढण्यात वेळ घालवणार नाही.

श्वास आणि आचके

माणूस पडलेला दिसला की आधी आजूबाजूला बघा: वीज, वाहतूक, आग, पाणी. तुम्ही पडलात तर रुग्ण दोन होतात. मग जवळ जा, दोन्ही खांदे धरून हलवा, मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर गळ्यावरचा कपडा बाजूला करून छाती आणि पोट वरखाली होतंय का ते बघा. दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. नाडी शोधू नका. ती घाईत आम्हालाही चुकते, तुम्हाला तुमच्याच बोटांचे ठोके जाणवतील.

सगळ्यात जास्त जीव माझ्या डोळ्यांसमोर इथे गेलेत. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस आचके देतो. मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसं तोंड उघडतो, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक आचका. लोक मला फोनवर सांगतात, "डॉक्टर, श्वास चालू आहे, घरघरतोय." तो श्वास नसतो. हाकेला उत्तर नाही आणि श्वास एका लयीत नाही, तर श्वास बंद आहे असंच धरा आणि छाती दाबायला लागा. चुकून चालू हृदयाच्या माणसाची छाती दाबली गेली तरी तो कण्हतो, हात झटकतो, तेव्हा थांबायचं. एवढ्याने फारसं नुकसान होत नाही. बंद हृदयाची छाती दाबली नाही तर मात्र प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांनी कमी होत जाते.

छाती कशी दाबायची

खाटेवर, सोफ्यावर असेल तर आधी जमिनीवर घ्या. गादीवर दाबलं की गादी दबते, छाती जिथल्या तिथे राहते. उताणा झोपवा. तुम्ही बाजूला गुडघ्यांवर बसा, अगदी खेटून, म्हणजे खांदे त्याच्या छातीच्या बरोबर वर येतील. एका तळहाताचा मनगटाकडचा जाड भाग छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा. हृदय डावीकडे असतं म्हणून डावीकडे सरकू नका. दुसरा हात त्यावर, बोटं गुंतवलेली आणि वर उचललेली. कोपरं ताठ. आता हातांच्या जोराने नाही, अंगाचा भार टाकून दाबा. कोपर वाकवून दाबणारा एका मिनिटात थकतो.

खोली दोन इंच, थोडी जास्त झाली तरी चालेल. वेग मिनिटाला १०० ते १२०. घड्याळ बघायला वेळ नसतो, म्हणून मोठ्याने एक ते दहा मोजा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. पुढे मोजत गेलात तर "एकोणीस, एकोणतीस" म्हणताना जीभही अडखळते आणि हातही. दहा दाब पाच-सहा सेकंदांत झाले पाहिजेत. प्रत्येक दाबानंतर छातीला पूर्ण वर येऊ द्या. रक्त परत भरतं ते त्या क्षणात. हात छातीवरून उचलायचा नाही, फक्त भार काढायचा.

तोंडाने श्वास द्यायला शिकला नसाल, किंवा मन तयार होत नसेल, तर मोठ्या माणसासाठी नुसतं दाबणं पुरे आहे. लहान मूल आणि पाण्यात बुडालेला माणूस यांचं वेगळं. त्यांचं हृदय बहुधा श्वास थांबल्यामुळे बंद पडलेलं असतं, म्हणून त्यांना श्वास द्यावाच लागतो: डोकं मागे करून हनुवटी वर उचलायची, नाक चिमटीत धरायचं, छाती वर उचललेली दिसेल इतकीच हवा तोंडाने द्यायची. सुरुवातीला दोन श्वास, मग तीस दाब, पुन्हा दोन श्वास. वर्षाच्या आतल्या बाळाची छाती दीड इंचच दाबायची, दोन अंगठ्यांनी किंवा एका तळहाताच्या टाचेने, आणि श्वास देताना बाळाचं नाक-तोंड दोन्ही तुमच्या तोंडात घ्यायचं.

दर दोन मिनिटांनी माणूस बदला. तुम्हाला वाटतं आपण जोरात दाबतोय, पण दमलेले हात तुमच्या नकळत वर वर दाबायला लागतात. दुसऱ्याला समोर बसवा, "तीन म्हटलं की तू" असं सांगा. मध्ये खंड पडू देऊ नका. बरगडी मोडल्याचा कटकन आवाज येईल, हातांना जाणवेल. अंगावर काटा येतो, मलाही पहिल्यांदा आला होता. हात नीट ठेवा आणि चालू ठेवा.

विमानतळावर किंवा मोठ्या कंपनीत असाल तर भिंतीवरचं शॉकचं मशीन कोणाला तरी आणायला पाठवा. झाकण उघडलं, बटण दाबलं की ते स्वतः बोलून पुढचं सांगतं.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. श्वास बंद असलेल्या माणसाला खुर्चीत घालून पाखाडी उतरवू नका, रिक्षात मागच्या सीटवर कोंबू नका. त्या पंधरा मिनिटांत छाती दाबली जात नाही आणि माणूस जातो. नेणाऱ्यांना वाटतं आपण धावपळ केली, आणि केलेलीच असते, जीव तोडून केलेली असते.

शुद्धीत असलेल्याचं उलटं आहे. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, जीव घाबरा होणं, असं असेल तर "गॅस झालाय" म्हणून सोडा पाजत थांबू नका आणि त्याला एक पाऊलही चालवू नका. खुर्ची वापरायची ती या माणसासाठी. तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडतोय, बोलणं बोबडं झालं, तर तो मेंदूचा झटका. शेवटचा धडधाकट कधी होता ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते मिळणारं रुग्णालय आमच्या भागात लांब असतं.

दोरी कुठे बांधायची आणि कुठे नाही

गावोगाव एक गोष्ट उलटी चालते. साप चावला की लोक करकचून दोरी बांधतात, आणि रक्ताची धार लागली की हळद, कॉफी, चुना भरतात. बरोबर उलट करायचं.

रक्त वाहत असेल तर पंचा, ओढणी, गमछा, जो कपडा हाती लागेल त्याची घडी घाला, जखमेवर ठेवा आणि दोन्ही तळहातांनी कोपरं ताठ ठेवून दाबा. किमान दहा मिनिटं. मध्ये "थांबलं का" म्हणून उचलून बघायचं नाही, उचललंत की धरलेली गुठळी सुटते. कपडा भिजला तर तो काढू नका, वरून दुसरा ठेवा आणि जोर वाढवा. जखम खोल असेल तर कपडा आत बोटाने ठासून भरा आणि मग दाबा. माणूस ओरडेल, ओरडू द्या. पोटात किंवा छातीत काही घुसून अडकलं असेल तर ते उपसू नका. ते आत असतं तेव्हा बुचासारखं काम करतं.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात एका बागेत ग्रास कटरचं पातं तुटून कामगाराच्या मांडीत शिरलं आणि उसळून बाहेर पडलं. दाबून रक्त थांबेना. त्याच्या जोडीदाराने कमरेचा पंचा काढून जखमेच्या चार बोटं वर गुंडाळला, गाठीत कोयत्याचा दांडा घातला आणि पिळत गेला, रक्त थांबेपर्यंत. नंतर कोळशाने त्याच्या कपाळावर वेळ लिहिली: ११.४०. मी गाडीतून उतरले तेव्हा पहिल्यांदा ते कपाळ दिसलं. त्यानंतरचा माझा प्रत्येक निर्णय त्या आकड्यावरून झाला.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तेव्हाच हे करायचं. पट्टा निदान दोन बोटं रुंद हवा, तार किंवा सुतळी नको, मांस कापतं. कोपर आणि गुडघ्यावर बांधायचं नाही, त्याच्या वर. एकदा बांधलं की सैल करायचं नाही, ते काम रुग्णालयाचं.

आणि साप. फुरसं आमच्या जांभ्या दगडात पावलोपावली. फुरसं आणि घोणस चावले की रक्त गोठेनासं होतं, त्या अंगाला सूज येते. अशा पायाला दोरी बांधली तर पाय सडतो. कापू नका, चोखू नका, साप मारायला किंवा शोधायला मागे जाऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण सूज यायच्या आत काढा. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि माणसाला उचलून न्या. इथे मात्र थांबायचं नाही: १०८ ला फोन करून विचारा, आम्ही लांब असलो तर मिळेल त्या गाडीने, प्रतिसर्प लस असलेल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात. भगताकडे गेलेला तास परत मिळत नाही. नाग किंवा मण्यार असेल तर पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास थांबतो. वाटेत नजर त्याच्या छातीवर ठेवा.

घाटात, रस्त्यावर

वळणावर अपघात झालाय तर आधी एका माणसाला वळणाच्या वर आणि एकाला खाली पाठवा. झाडाच्या फांद्या तोडून रस्त्यावर टाका, कोकणात सगळे चालक ती खूण ओळखतात. दगड लावू नका, ते मागून येणाऱ्या दुचाकीला घात करतात. गाड्यांच्या चाव्या बंद करा.

जखमीला हातपाय धरून उचलायची घाई करू नका. मान मोडली असेल तर त्या एका हिसक्याने तो आयुष्यभर अंथरुणाला खिळतो. गाडी पेटली असेल, दरीकडे सरकत असेल, किंवा तो श्वास घेत नसेल, तरच हलवा, आणि तेव्हा एकाने डोकं दोन्ही हातांत धरून शरीराच्या रेषेत ठेवायचं. हेल्मेट श्वासाला अडत नसेल तर तसंच असू द्या. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे आणि तोंडात रक्त किंवा उलटी आहे, तर डोकं आणि धड एकदम फिरवून कुशीवर करा. पाणी पाजू नका.

पोलिसांची भीती वाटते, मला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्याने २०१९ मध्ये, कलम १३४ अ घालून, मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. तुमचं नाव, पत्ता सांगायची सक्ती कोणी करू शकत नाही, रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही की पैसे मागू शकत नाही, मदत करताना काही बिघडलं म्हणून तुमच्यावर खटला होत नाही. आमच्या पट्ट्यातले चहाच्या टपऱ्यांवरचे, पंक्चरवाले, पेट्रोल पंपावरचे कितीतरी जण महामार्ग पोलिसांच्या मृत्युंजय दूत योजनेत शिकून तयार झालेत. मी पोहोचायच्या आत त्यांनी अर्धं काम केलेलं असतं.

आणखी काही, थोडक्यात

घास अडकला आणि माणूस खोकतोय, तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, हात गळ्याला गेला असेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार धपके. तरी निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ, आत आणि वर असे पाच हिसके. आलटून पालटून चालू ठेवा. गरोदर बाईला पोटाऐवजी छातीवर. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, पाच धपके, मग उताणं करून छातीवर पाच दाब; पोट दाबायचं नाही. घशात दिसत नसताना बोट घालू नका, चणा आणखी खाली जातो. बेशुद्ध झाला तर जमिनीवर घेऊन छाती दाबायला लागा.

फिट आली तर कांदा, चप्पल, चमचा काहीही नको. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टोकदार बाजूला, वेळ बघा, थांबली की कुशीवर करा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

बुडणाऱ्याच्या मागे उडी मारू नका. दोरी, बांबू, रिकामा कॅन फेका. गुहागर, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यांवर वाचवायला गेलेलेही बुडतात. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं टांगू नका. श्वास द्या.

फवारणीचं औषध पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. बाटली सोबत पाठवा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही नाही. शॉक लागला तर आधी मेन स्विच. तुटलेली तार पावसात पडली असेल तर लांबूनच लोकांना अडवा आणि वीज बंद झाल्याचं महावितरणकडून कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आम्ही आल्यावर

गाडीचा सायरन ऐकला की लोक हात काढून उभे राहतात. तसं करू नका. मी शेजारी गुडघे टेकून "आता माझ्याकडे" म्हणेपर्यंत दाबत राहा. मला चार गोष्टी सांगा: कधी पडला, तुम्ही दाबायला कधी लागलात, कोणती औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे. गोळ्यांची पिशवी तशीच गाडीत टाका. आणि गर्दीतले चार दणकट गडी पाखाडीसाठी थांबवून ठेवा. स्ट्रेचर वर चढवताना डोकं पुढे, पाय मागे, आणि मागच्या दोघांनी खांद्यापर्यंत उचलायचं.